बहात्तर सालात काय काय झालं?

अभ्यासक्रमाचा नवा आराखडा आला, इतिहासाचं पुस्तक बदललं, की आपल्याकडे एक वाद हमखास उठतो. सनावळ्या ठेवायच्या की काढून टाकायच्या? एक बाजू म्हणते, घोकंपट्टीनं पोरांची इतिहासाची आवड मारली. तारखा काढा, गोष्ट सांगा. दुसरी म्हणते, ज्या पिढीला थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्याही ठाऊक नाहीत ती पुढे काय दिवे लावणार? यंदा हा वाद आमच्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन ठेपला. तिथे दिनविशेषाचा एक फळा आहे. परिपाठाच्या आधी नववीतलं एखादं मूल त्यावर खडूनं लिहितं: आजच्या दिवशी कोण जन्मलं, कोण वारलं, काय घडलं. जूनमधल्या शिक्षकसभेत तो फळा ठेवावा की काढावा यावर दीड तास गेला. मी बावीस वर्षं माध्यमिकला इतिहास शिकवतो, आणि त्या दीड तासात मला दोन्हीकडचं बोलणं अपुरं वाटलं. एका बाजूला तारीख म्हणजे ओझं, दुसरीला तारीख म्हणजे हार घालायचा फोटो. तारीख मुळात कशासाठी असते, हे कुणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. साल शिकवलंच पाहिजे, पण अख्खं. एकेक तारीख एकेका थोर माणसाच्या नावाला बांधून देण्यापेक्षा एखादं वर्ष उघडून मुलांपुढे ठेवावं. त्या बारा महिन्यांत देशात काय चाललं होतं, कोणते कायदे झाले, कोण कुणाशी तह करत होतं, कोण खडी फोडत होतं, किती मुलं जन्मली आणि त्यांतली किती पुढच्या वाढदिवसापर्यंत जगली. उदाहरणाला मी १९७२ घेतो. मी माणदेशात राहतो आणि आमच्याकडे ते साल अजून माणसांच्या तोंडात आहे. ‘बहात्तर’ म्हटलं की पुढचा शब्द बोलावा लागत नाही.

आधी रिवाजाप्रमाणे यादी लिहू. २१ जानेवारीला मणिपूर, मेघालय आणि त्रिपुरा ही पूर्ण राज्यं झाली. २६ जानेवारीला दिल्लीत इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत पेटली. एप्रिलमध्ये चंबळच्या खोऱ्यातल्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. २ जुलैला इंदिरा गांधी आणि झुल्फिकार अली भुट्टो यांनी सिमला करारावर सह्या केल्या. सप्टेंबरमध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. मीनाकुमारी गेली, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस गेले, डिसेंबरात राजाजी गेले. आणि जन्म? १८ जानेवारीला मुंबईत विनोद कांबळी, १० जूनला मदुराईत सुंदर पिचाई, ८ जुलैला कोलकात्यात सौरव गांगुली. यादीत एकही गोष्ट खोटी नाही. फळ्यावर अशीच लिहिली तर कुणी बोट ठेवणार नाही. पण ही यादी वाचून एखाद्या मुलाला कळेल का, की त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस पडला नव्हता?

आधीची दोन वर्षंही ओढग्रस्तीचीच होती, पण बहात्तरच्या पावसाळ्यानं पार दगा दिला. विहिरींना तळ दिसला, दावणी रिकाम्या झाल्या. सरकारनं गावोगाव कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. १९७३ च्या मे महिन्यात या कामांवरची हजेरी ५० लाखांच्या घरात गेली. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. दहातलं एक माणूस उन्हात माती उपसत होतं किंवा दगड फोडत होतं, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. माझी आई त्यांतली एक. ती सांगते त्यात कुठलीच तारीख नसते. मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा, चौकडीचं, म्हणजे खणलेल्या चौकोनी खड्ड्याचं, माप व्हायचं, कमी भरली की मजुरी कमी. झोळीतली पोरं बाभळीला टांगलेली. रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळायची, तिची लालसर भाकरी थापली की कडेनं चिरायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. आई आपल्या वाट्याची पदरात बांधून घरी थोरल्या दोघांसाठी आणायची. पन्नास वर्षांनंतरही ती सुकडी म्हणताना दोन बोटांनी चिमूट करून दाखवते.

हा दुष्काळ इतिहासात नाही असं नाही. आहे, पण कुठे आहे ते पाहा. तो भूगोलात पर्जन्यछायेच्या धड्यात येतो, किंवा नागरिकशास्त्रात रोजगार हमीच्या चौकटीत. दूरदर्शन माध्यमांच्या धड्यात, सिमला परराष्ट्र धोरणात, दलित पँथर सामाजिक चळवळींत. ज्या गोष्टी एका उन्हाळ्यात, एका राज्यात, कित्येकदा एकाच घरात घडल्या त्या पुस्तकात वेगवेगळ्या खोल्यांत कोंडल्या आहेत. मग मुलाला वाटतं, सिमल्याला सह्या होत होत्या तो एक देश आणि मिलो खात होता तो दुसरा. अख्खं साल समोर ठेवलं की या मधल्या भिंती पडतात. खेड्यात ज्वारी पिकली नाही म्हणून शहरात धान्य महागलं, आणि त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया महागाईविरुद्ध एकत्र आल्या, लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. माणमधली चौकडी आणि मुंबईतलं लाटणं यांचं नातं विषयवार पुस्तकात सापडत नाही. एका सालाच्या पानावर ते आपोआप दिसतं.

एकच दिवस घेऊन पाहू, १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याला २५ वर्षं पुरी झाली. संसदेचं मध्यरात्रीचं खास अधिवेशन झालं, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली. त्याच दिवशी देशात पिनकोड आला. सारख्या नावाची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते यांतून पत्रांची होणारी चुकामूक थांबवायला सहा आकड्यांची ही युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं बसवली; केंद्राच्या दळणवळण खात्यातला हा अधिकारी संस्कृतचा कवीही होता. आणि त्याच १५ ऑगस्टला पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा विशेषांक निघाला, त्यात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख होता. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी विचारलं ते एवढंच, की राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायदा जेवढा दंड सांगतो तेवढाही या बायांच्या अपमानाला का सांगत नाही? महाराष्ट्रभर गदारोळ उठला. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली होती. आता हा दिवस तुकड्यातुकड्यांनी शिकवला तर काय उरतं? पिनकोडवर एका गुणाचा प्रश्न, पँथरवर टीप. आणि एकत्र शिकवला तर? दिल्लीत ताम्रपट, टपालखात्यात नवा आकडा, पुण्याच्या अंकात तो प्रश्न, आमच्याकडे कोरडं आभाळ. पंचवीस वर्षांचं स्वातंत्र्य कुणाला कितपत मिळालं, हे मग शिक्षकाला सांगावं लागत नाही. नववीचं पोर स्वतः विचारतं.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. त्यातलं बरंच खरं आहे. घोकंपट्टीचा आरोप मी नाकारू शकत नाही, कारण त्या पापात माझाही वाटा आहे. ‘पुढील घटना कालक्रमानुसार लिहा’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षं काढला. एका मुलीनं एकदा पाचही घटना बरोबर लावल्या, आणि त्यांतली तिसरी म्हणजे नक्की काय झालं हे तिला सांगता आलं नाही. तिला पूर्ण गुण द्यावे लागले, आणि देताना वाईट वाटलं. पण दोष तारखेचा होता की माझ्या प्रश्नाचा? त्या मुलीला प्रत्येक सनाच्या पुढे एकच घटना दिली होती. शेजारपाजार नसलेला आकडा पाठच करावा लागतो, दुसरा इलाज नसतो. पण १५ ऑगस्ट ७२ ला काय काय झालं हे ज्यानं एकदा नीट वाचलं त्याला तो सन पाठ करावा लागणार नाही. ‘तारखा काढा, गोष्ट सांगा’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे: काळाशिवायची गोष्ट म्हणजे ‘एक होता राजा’. ती शेजघरात चालते. इतिहासाच्या तासाला ‘त्याच वेळी दुसरीकडे काय चाललं होतं?’ असं एखाद्या मुलानं विचारलं तर तारीख नसलेल्या गोष्टीकडे उत्तर नसतं.

याहून अवघड आक्षेप माझ्या एका सहकारी बाईंनी काढला. त्या म्हणाल्या, साल ही कॅलेंडरची सोय आहे, इतिहासाची नव्हे. दुष्काळ काय १ जानेवारीला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपला? बरोबर आहे. मी वर दिलेला ५० लाखांचा आकडाच त्र्याहत्तरचा आहे. सिमला करार एकाहत्तरच्या युद्धाशिवाय आणि त्यातल्या ९३ हजार युद्धकैद्यांशिवाय कळत नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातल्या विसापुरात साठच्या दशकातच करून पाहिली होती. तिचा राज्याचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि त्याच धर्तीवरचा देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे एका सालाची भिंत या सगळ्यांना तोडून टाकते. हे मी मान्य करतो. पण शेतकरी बांध घालतो तेव्हा जमिनीखालचं पाणी बांधाशी थांबत नाही हे त्याला ठाऊक असतंच. तरी बांध लागतो, नाहीतर कुठे उभं राहून काय मोजायचं हेच कळत नाही. साल हे उभं राहायची जागा म्हणून घ्यावं. तिथून मागे एकाहत्तरकडे बघता येतं, पुढे सत्त्याहत्तरकडे. उलट, धडे विषयवार पाडले की भिंती नाहीशा होतात असं थोडंच आहे? त्या नुसत्या दुसऱ्या दिशेनं उभ्या राहतात, आणि पुस्तकात बांधलेल्या असल्यामुळे दिसत नाहीत.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. मराठ्यांच्या इतिहासाचा जो कणा आपण मानतो त्यात शकावल्या आहेत. शकावली म्हणजे वर्षवार टिपलेल्या नोंदी. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेली जेधे शकावली शके १५४० पासून सुरू होते, आणि तिच्या तोंडीच औरंगजेबाच्या जन्माची नोंद आहे. भोरजवळच्या कारीचं मराठा देशमुखाचं घराणं आपली बखर नव्हे, नोंद लिहीत होतं. आपला कोण आणि शत्रू कोण यावरून त्यांनी घटना गाळल्या नाहीत. याच शकावलीमुळे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद पालटला. वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही जुनी समजूत मागे पडली, फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी पुढे आली, आणि राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस ठरवला. या तिथीवर मराठी माणसानं शतकभर वाद घातला. त्या वादाला मी नावं ठेवणार नाही. त्यातून साधनं तपासायची शिस्त आली. पण वर्गात मी विचारतो, १६३० साली आणखी काय झालं? हात वर होत नाही. त्याच सालापासून गुजरात आणि दख्खन यांवर असा दुष्काळ कोसळला की गावंच्या गावं उठली. तुकोबांच्या घरात अन्नावाचून माणूस गेलं ते याच काळोखात, आणि त्यांनी ते अभंगात सांगून ठेवलं आहे. शिवनेरीवरचा पाळणा आणि देहूतलं ते मरण दोन वेगळ्या पुस्तकांत ठेवल्यानं महाराज मोठे होत नाहीत. कोणत्या उजाड मुलखात ते मूल वाढलं, पुढे जिजाऊंनी पुण्याची जमीन पुन्हा वसवायला का घेतली, हे त्या पाळण्याशेजारी दुष्काळ ठेवल्यावरच उमगतं.

इथे जयंतीवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो, आणि तो मी मनापासून मानतो. ज्यांना इतिहासानं जागा दिली नाही त्यांनी ती जन्मतारखेच्या जोरावर मिळवली. १४ एप्रिल कुणा सरकारनं वस्त्यांना शिकवला नाही. लोकांनी वर्गणी काढून, मिरवणुका काढून, मार खाऊन तो दिवस दिनदर्शिकेत आणला. ३ जानेवारीला सावित्रीबाईंचा जन्मदिवस आमच्या शाळेत साजरा होतो तेव्हा मुली ज्या ताठ मानेनं भाषण करतात, ते बघून जन्मतारखांची यादी पुसून टाका असं म्हणायची हिंमत मला होणार नाही. यादीत नाव येणं ही लढून मिळवायची गोष्ट आहे. ते पुसणं म्हणजे ती लढाई पुसणं.

पण जन्म ही त्या सालातली घटना असते का? ८ जुलै १९७२ ला कोलकात्यात एक मूल जन्मलं. त्या दिवशी ते देशाच्या दृष्टीनं काहीच नव्हतं. आपण आज त्याला तिथे नेऊन बसवतो, कारण पुढे त्यानं लॉर्ड्सवर शतक केलं. म्हणजे ‘बहात्तर सालातले महत्त्वाचे जन्म’ ही यादी बहात्तरबद्दल काही सांगत नाही. आज आपण कुणाला मोठं मानतो ते सांगते. तीही खरी माहिती आहे, पण तिला बहात्तरचा इतिहास म्हणू नये. त्या सालाचे जन्म शिकवायचे असतील तर सगळे शिकवा. देशाची लोकसंख्या तेव्हा ५५ कोटींच्या आसपास आणि जन्मदर हजारी सुमारे ३७. हिशेब केला तर त्या वर्षी दोन कोटी मुलं जन्मली. अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारी १३० च्या घरात होतं, म्हणजे त्यांतली पंचवीस लाखांच्या आसपास पहिला वाढदिवस बघू शकली नाहीत. त्याच वर्षी १ एप्रिलपासून गर्भपाताला सनदशीर मार्ग देणारा कायदा लागू झाला आणि नको असलेल्या बाळंतपणात बायांचा जीव जाण्याला पहिल्यांदा कायद्याचा बांध पडला. दिनविशेषाच्या फळ्यावर ‘जन्म’ या रकान्यात मी हे आकडे लिहीन, आणि त्यांच्या खाली गांगुली आणि पिचाई. तेही त्या दोन कोटींतले होते, म्हणून.

आणि त्या दोन कोटींत ज्यांना तारीखच नाही, त्यांचं काय? आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात आहे. कापडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, निळ्या शाईचा रंग उडून जांभळा झालेला. बहात्तरच्या सुमाराच्या मुलांची पानं उघडा. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १-६-७२, १-६-७२, १-६-७२. एखादीच तारीख वेगळी: गुरुजींच्या मुलाची, तलाठ्याच्या मुलीची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय पुरं भरायला हवं, आणि आई-बापांना तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी १ जून लिहीत. महाराष्ट्रभर हजारो माणसं आजही त्या दिवशी कागदावर एक वर्षानं मोठी होतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, म्हणजे तो होताच. पण तो वाडीवस्तीवर पोचला नव्हता. त्या सालात आमच्या गावाला टपालखात्यानं ४१५ नं सुरू होणारा नेमका आकडा दिला. गावात जन्मलेल्या पोराला नेमका दिवस मिळाला नाही. मीही १ जूनचाच. दाखल्यावर १९७२ आहे. आई म्हणते, तू पोटात होतास तेव्हा मी खडीवर जात होते, आणि थंडी सरता सरता तू झालास. म्हणजे कागदावर मी दुष्काळाच्या आधी जन्मलो आणि आईच्या हिशेबात दुष्काळाच्या ऐन मध्यात. माझा विश्वास आईवर आहे. गुरुजींचा मला राग नाही. त्यांनी एक खोटी तारीख लिहिली म्हणून मला शाळेत बसता आलं. पण थोरांच्या जन्माचा दिवस कोणता यावर शतकभर भांडणारा समाज शेजारच्या घरातल्या जन्माचा दिवस टिपत नाही, हे मुलांना सांगायला नको का?

राहिला ‘यादी ठरवणार कोण?’ हा प्रश्न. यादी निवडूनच करावी लागते आणि निवडीत सत्ता असते, हा आक्षेप खोडता येत नाही आणि खोडूही नये. बहात्तरच्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धा झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पोहण्याच्या शर्यतीत उतरले. पासष्टच्या युद्धात अंगावर गोळ्या झेललेले जवान, मूळचे मुष्टियोद्धे. ५० मीटरचं अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापलं: जागतिक विक्रम आणि पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. काही दिवसांनी त्याच देशात म्युनिकला आपल्या हॉकी संघाला कांस्य मिळालं, आणि बहात्तरच्या याद्यांत वर्षानुवर्षं ते कांस्यच राहिलं. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली.

दुसरी घटना त्याच वर्षीच्या मार्चमधली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. त्या वर्षाची यादी करायला कुणी बसलं असतं तर ही रात्र त्यात आली नसती. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायला बंदी आली तीही त्याच दुरुस्तीनं. म्हणून मी ते इथे लिहीत नाही. बहात्तरमधली सगळ्यात दूर पोचलेली घटना कोणती, असं मला विचारलं तर मी सिमल्याचं नाव घेणार नाही, देसाईगंजचं घेईन. मग यादी कुणी करायची? जे पुढे येतील त्या सगळ्यांनी, पुन्हा पुन्हा. छापील पुस्तकाला हे जमत नाही. खडूच्या फळ्याला जमतं, आणि म्हणूनच मी तो फळा काढू देणार नाही.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग फळा कशाला, असं एका तरुण शिक्षकानं विचारलं. मिळतं, हे खरं. पण विचारलं तेवढंच मिळतं. मिलो हा शब्द ज्यानं ऐकलेला नाही तो तो शोधणार कसा?

सभेनंतर मी मुख्याध्यापकांकडून एक महिना मागून घेतला. नववीला सांगितलं, रोज नवा दिवस लिहायचा नाही. महिनाभर फळ्यावर बहात्तरच राहील. डावीकडे पुस्तकांतून, उजवीकडे घरातून. डावी बाजू चार दिवसांत भरली. उजवी आठवडाभर रिकामी, कारण आजी-आजोबा म्हणत, आमचं काय लिहायचं त्यात? मग वरच्या वस्तीवरच्या एका मुलीनं लिहिलं: ‘आजी पाझर तलावाच्या कामावर होती. मोठी आत्या तिथेच कामावर झाली.’ तारखेची जागा तिनं मोकळी सोडली. मी म्हटलं, विचारून ये. दुसऱ्या दिवशी ती आली. म्हणाली, सर, आजीला तारीख ठाऊक नाही. मिलोची गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एवढंच म्हणते.

तारखेच्या रकान्यात आम्ही तेच लिहिलं.